पुढच्या तारखेला ठेवलेला लेख

माझ्या थोरल्या जाऊबाई जिवंत असताना मी त्यांचा मृत्युलेख प्रसिद्ध केला. तोही त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी सात वाजता, शीर्षकासकट: ‘वहिनी गेल्या’. वर त्यांचा फोटो नव्हता, एवढंच नशीब. फोटो टाकायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी मी ब्लॉग सुरू केला तेव्हाच्या बाईची ओळख करून द्यायला हवी. नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून ही बाई स्वतःला लेखिका समजत असे. दर मंगळवारी सकाळी सातला लेख आलाच पाहिजे, हा हिचा नेम. जणू सात वाजून पाच मिनिटांनी वाचक गॅलरीत येऊन शंख करणार होते! लेख टाकला की दर तासाला आकडे बघायचे, किती जणांनी उघडला, कुठल्या देशातून उघडला. एकदा ब्राझीलमधून कुणीतरी उघडला होता, तर हिनं आठवडाभर सोसायटीत सांगितलं. तो माणूस नव्हता, यंत्र होतं, हे पुढे कळलं. तेव्हा मात्र ती सोसायटीत गप्प बसली.

या बाईचा एक अर्धवट लेख एकदा उडाला. हरवला तो हरवलाच. तेव्हापासून हिनं एक शक्कल काढली. कच्चा लेख कच्चा म्हणून ठेवायचाच नाही, त्याला लांबची तारीख देऊन टाकायची. म्हणजे तो प्रसिद्धीच्या रांगेत उभा राहतो आणि रांगेतली गोष्ट हरवत नाही, असा हिचा सिद्धांत. आपण पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर टाकतो तसे हिनं लेख पुढच्या वर्षांवर टाकले. सवयीनं प्रत्येकाला मंगळवार, सकाळी सात.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत वहिनींना ऑक्सिजन लागला. भेटायला जाता येईना, फोनवर कुणी धड सांगेना. त्या दिवसांत मी तो लेख लिहिला. वहिनी गेल्या असं धरूनच लिहिला. दुःखानं लिहिला हे खरंच. पण खोटं कशाला बोलू, ‘वेळ आली तर लेख तयार असावा’ हेही डोक्यात होतं. पंधरवड्यानं वहिनी घरी आल्या आणि पहिल्याच फोनवर मला म्हणाल्या, “तू पाठवलेल्या डब्यातली खिचडी गिळगिळीत होती.” लेख तेव्हाच पुसायला हवा होता. नाही पुसला, कारण मी लिहिलेल्यातला तो सगळ्यात चांगला होता. दिली त्याला काही वर्षं पुढची तारीख आणि टाकला माळ्यावर.

यंदा वहिनींच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. ठरली म्हणजे डॉक्टरांनी ठरवली. वहिनी तयार नव्हत्या. “मला आतून नको वाटतंय गं,” एवढंच म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. जिना चढताना थांबायला लागल्या, पाय सुजले, तरी तेच. शेवटी मी त्यांच्या घरी ठाण मांडून बसले, भांडले, रडले, आणि त्या हो म्हणाल्या. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, मला बाजूला घेऊन सांगितलं, “काकू, ती आता हो म्हणालीय. आयत्या वेळी नाही म्हणाली तर पुन्हा तयार व्हायची नाही. आणि डॉक्टर म्हणतात, थांबण्यासारखं आता काही उरलेलं नाही.”

ऑपरेशन मंगळवारी अकराला होतं, ठाण्यात, कोलशेतच्या अलीकडच्या एका हॉस्पिटलमध्ये.

सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला. ब्लॉगवर प्रतिक्रिया: ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मी म्हटलं, कोण गेलं बाई? दुसरी आली, हात जोडलेले. तिसरी आली तीही पहिल्यासारखीच, अक्षर न् अक्षर. हल्ली ‘भा’ लिहिलं की कीबोर्ड पुढचं स्वतःच सुचवतो, दुःख करायलाही एकाच बोटाचं काम उरलंय. मी लेख उघडला आणि शीर्षक वाचलं. चहा ओट्यावर.

फोनवरून लेख काढायला गेले तर पासवर्ड. पासवर्ड दिला तर कोड. कोड गेला माझ्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर मी नातीला देऊन टाकलेला. ती पुण्याला हॉस्टेलवर झोपलेली. चार वेळा फोन केला तेव्हा उचलला.

“आजी? काय झालं?”

“तुझ्या फोनवर एक कोड आलाय. सांग लवकर.”

“कसला कोड?” ती खडबडून जागी झाली. “आजी, तुला कुणाचा फोन आलाय का? बँकेतून बोलतोय, पोलिस बोलतोय असं काही?”

“नाही गं बाई, मी बोलतेय!”

“ते लोक असंच घाबरवतात. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. तूच मला शिकवलंयस.”

“अगं, मी तुझ्या मोठ्या आजीला मारलंय, कोड सांग!”

मग सगळं सांगावं लागलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा ती हसली. कोड मिळाला, लेख खाली उतरला.

लेख निघाला, पण ज्यांनी ईमेलवर वर्गणीदार म्हणून नाव नोंदवलंय त्यांना तो सातच्या ठोक्याला गेलेला होता. गेलेली ईमेल मागे येत नाही. एकेकाळी मी लोकांच्या मागे लागून ते बटण दाबून घेतलं होतं, ‘वर्गणीदार व्हा ना’ म्हणून लग्नाच्या पंक्तीतसुद्धा. घ्या आता.

वहिनी ईमेल बघत नाहीत. माझा लेख त्या मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक धाडली तरच वाचतात, आणि आज मी लिंक धाडलेली नव्हती. एवढ्यावर जरा श्वास घेतला, तोच आमच्या सोसायटीच्या महिला ग्रुपवर माझाच लेख येऊन पडला. शीर्षक नाही, माझं नाव नाही, वर गुलाबाचं फूल, खाली कुणा शहाण्यानं आपल्या पदरची ओळ जोडलेली: ‘नाती जपा, माणसं पुन्हा मिळत नाहीत.’

ऑनलाइन लिहिणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं दुखणं हे. लेख चोरतात ते चोरतात, वर त्याला तात्पर्य लावतात. मी आजवर यावरून किती जणांशी भांडले असेन! एका काकांना तर ग्रुप सोडायला लावला होता. नाव न लावता फिरणारा लेख म्हणजे दुसऱ्याच्या दोरीवरून उचललेली साडी, असं मी तावातावानं लिहिलंसुद्धा आहे. त्या सकाळी मात्र आपलं नाव गळालंय हे पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं.

ते पाच मिनिटंही टिकलं नाही. वहिनींचे ग्रुप आठवले. भजनी मंडळ, माहेरचं खडवली, जुनी चाळ, योगवर्ग. असा फॉरवर्ड तिथे पोचायला काय वेळ?

पुतण्याला फोन लावला. “तुझ्या आईचा फोन काढून घे.”

“का?”

“विचारू नकोस. चार्जिंगला लाव म्हण.”

“काकू, ती काहीतरी वाचतेय. चष्मा लावून बसलीय मघापासून. मी बोललो तर हात वर करून गप्प केलं मला.”

अ‍ॅपवरून टॅक्सी मागवली. मोठागावच्या पुलावरून माणकोलीला आलो आणि गोदामांच्या ट्रकमध्ये अडकलो. तेवढ्यात शहाडच्या नणंदेचा फोन, कुणाकडून तरी ऐकून, रडतच. “कधी नेणार गं?”

“अकराला.”

“इतक्या लवकर? वहिनींची मुलगी यायचीय ना अमेरिकेहून?”

“अहो, ऑपरेशनला नेणार! वहिनी धडधाकट आहेत!”

“मग ते लिहिलंय कुणी?”

“मी.”

“कशाला?” नणंद म्हणाली. मी म्हटलं रेंज जातेय आणि फोन ठेवला. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. साकेतच्या पुलावर गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा मी मनात वाक्यं जुळवायला लागले. कुणीतरी खोडसाळपणा केला. अकाउंट हॅक झालं. हल्ली यंत्रच लेख लिहितं, त्यानं लिहिला. यातलं शेवटचं मला बरंच पटलं. पण वहिनींनी नाही म्हटलं, बॅग उचलली आणि घरी चालल्या, तर यातल्या कुठल्या वाक्यानं मी त्यांना परत कॉटवर बसवणार होते?

खोलीच्या दारात पुतण्या उभा होता. “आईनं सकाळपासून तोंडातून शब्द काढलेला नाही,” तो पुटपुटला. “तू काय केलंयस?”

वहिनी कॉटवर बसल्या होत्या. हॉस्पिटलचा हिरवा झगा, बांगड्या काढलेल्या, चष्मा तेवढा डोळ्यांवर. मला पाहून फोन पुढे केला.

“ये. भजनी मंडळात हे आलंय. कुणीतरी आपल्या जावेवर लिहिलंय. वाच.”

“वहिनी, आत्ता कशाला? तुम्ही पडा जरा.”

“मोठ्यानं वाच.”

मी वाचायला लागले. माझीच वाक्यं. नवी नवरी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आली तेव्हा थोरल्या जावेनं तिला खिडकीकडची बाजू दिली, ते. पाण्याच्या रांगेत दोघींच्या कळशा एकटीनं धरल्या, ते. वाचता वाचता डोळे पुढे धावले आणि मला तो परिच्छेद दिसला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी माझं नाव गाळलं होतं, तो मात्र जसाच्या तसा ठेवला होता.

लग्नानंतर मी नोकरीची परीक्षा देत होते. घरात अभ्यासाला ना जागा, ना सवड. सासूबाईंच्या राज्यात बाई ‘बाजूला बसली’ तरच स्वयंपाकघरातून सुटायची, महिन्याचे चार दिवस. परीक्षेच्या आधी वहिनींनी सासूबाईंना सांगितलं, धाकटी बाजूला बसलीय. मी कोपऱ्यात चटईवर पुस्तक घेऊन बसले आणि सगळ्या घराचा स्वयंपाक त्यांनी एकटीनं रेटला. त्या महिन्यात मी दोनदा बाजूला बसले. सासूबाईंना संशय आला, तेव्हा “हिला आमच्या वैद्यांकडे न्यायला हवं” असं म्हणून वहिनींनी तोही निभावला. ही युक्ती वहिनींचीच, असं मी लेखात लिहिलं होतं. ही गोष्ट जगात फक्त आम्हा दोघींना ठाऊक. नवऱ्यालाही मी कधी सांगितलेली नव्हती.

तो परिच्छेद ओलांडून मी सरळ पुढचं वाचायला घेतलं, आवाज मुळीच न बदलता.

“मधलं गाळलंस,” वहिनी म्हणाल्या.

पुतण्या एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “वहिनी, ऐका ना...” त्यांनी हात वर केला. तेवढ्यात नर्स आणि दोन वॉर्डबॉय चाकाची कॉट घेऊन आले. “आजी, निघायचं ना?” नर्सनं विचारलं.

वहिनी खिडकीतून खाडीकडे बघत राहिल्या. पुतण्यानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ उमटला. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि आपण होऊन चाकाच्या कॉटवर आडव्या झाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. कॉट ऑपरेशन थिएटरात गेली, दार बंद झालं.

राग आला म्हणून गेल्या, की हरल्या म्हणून गेल्या? बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी हेच घोळवत बसले. काहीतरी करायला हवं म्हणून फोनवर ब्लॉग उघडला आणि पुढच्या तारखांची रांग पहिल्यांदा नीट पाहिली. आणखी तीन मृत्युलेख निघाले. तिघंही हिंडतायत-फिरतायत, एक तर रोज सकाळी आमच्या खालून जॉगिंगला जातो. एकेक पुसला. पुसताना एकातलं वाक्य चांगलं वाटलं आणि बोट अडखळलं, हेही कबूल करते. मग तेही पुसलं. पुतण्या शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “काकू, त्यात माझा नाही ना?” मी म्हटलं, “अजून नाही.” तो हसला नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झडप बसली, पण शुद्धीवर येईपर्यंत काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला अतिदक्षता विभागात सोडलं, एक मिनिटासाठी. वहिनींच्या तोंडाला नळ्यांनी कोरड पडलेली, आवाज म्हणजे नुसता वारा. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या ओठांशी नेला.

“धाकटे, ती बाजूला बसायची थाप तुझ्या डोक्यातली होती, मी फक्त सासूबाईंना जाऊन सांगितली. माझ्या नावावर खपवतेस? मी मेले असते तर तुझ्याशी भांडायला कोण येणार होतं, म्हणून आले परत.”