मेव्हण्याला सापडलेली गळती

मेव्हण्याने फक्त मला सांगितलेलं गुपित मी लांज्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगून टाकलं.

हा मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातला सर्वांत संशयी माणूस. माणसांवर त्याचा संशय नाही, भांड्यांवर आहे. मुंबईची नोकरी घरूनही करता येते म्हटल्यावर तो पूर्णगडला घरी आला आणि जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे आवाराच्या बुटक्या भिंतीवर, जिथे रेंज मिळते तिथे, लॅपटॉप मांडून बसू लागला. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान मूठभर काजूगर तरी घालतात. हा मात्र डबा घासतो, उन्हात वाळवतो, हुंगून बघतो आणि रिकामाच देऊन येतो. "आधी आत काय होतं ते पुढच्याला कळता कामा नये," म्हणतो. सासूबाईंना शेजारी तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. एकदा झेरॉक्सच्या दुकानात काचेवर कुणाचं तरी आधार कार्ड राहिलेलं दिसलं, तर याने असं भाषण ठोकलं की आता तो दुकानदार याला बघितल्याबरोबर आधी झाकण उघडून काच दाखवतो, मगच कागद घेतो.

हे वेड नसून पोटापाण्याचा धंदा आहे, हे त्याने मला गडग्यावरच समजावलं. "भावोजी, वायफाय, कॅमेरा, प्रिंटर, प्रत्येकाचा एक ड्रायव्हर असतो. छोटासा प्रोग्रॅम, पण वावरतो थेट कर्नलमध्ये, सिस्टीमच्या माजघरात. कामाला मेमरी मागून घेतो. ती परत केली नाही तर मशीन हळूहळू गुदमरतं. आणि न पुसता दुसऱ्याच्या हातात दिली, तर आधीच्याचं उष्टं त्याच्या ताटात. त्या उष्ट्यात तुमचा पासवर्डही असेल. दोन्हीला आम्ही गळतीच म्हणतो, आणि ती शोधणं हे माझं काम." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

अशातच त्याला वायफायच्या एका ड्रायव्हरमध्ये खरोखर असं उष्टं सापडलं. त्याने तो ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. नाहीतर चोरांना आयती वाट आणि याचं नाव खराब. "फक्त तुम्हाला सांगतोय हां, भावोजी," म्हणाला तेव्हा दहावीचा निकाल लागल्यासारखा फुलला होता. पुढे मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

टपरीवरून घरी पोचल्यावर आपण काय करून बसलो ते माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पूर्णगड गाठून कबुली दिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नक्की काय सांगितलंत? शब्दन्‌शब्द सांगा."

"एवढंच, की जगातल्या सगळ्या प्रिंटरांतून मेमरी गळतेय."

"मग?"

"टपरीवाला म्हणाला, प्रिंटरखाली बादली ठेवू काय ओ? मी म्हटलं, ठेवलेली बरी."

"मग काही धोका नाही," तो म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि घरात गेला.

यथावकाश दुरुस्ती निघाली. कंपनीने आभार मानताना त्याचं नाव छापलं. मला ते बायकोकडून कळलं. मी अजूनही गडग्यावर जाऊन बसतो. तो चहा आणून देतो, आंब्याच्या मोहोराविषयी बोलतो, कर्नलचा विषय काढत नाही.

"गुपित तर फुटलं नाही," मी बायकोला म्हटलं, "मग रुसला कशाला?"

"गुपिताचं काय घेऊन बसलात? घरात एकाला तरी आपलं काम कळतं, असं वाटायचं त्याला," ती म्हणाली. "आणि तुम्ही निघालात ठोंबे."