आत्या, मांजरी आणि गाडवाट

बाजाराच्या दिवशी आमच्या घरात तिघींना कोंडत. दोन मांजरी आणि माझी विधवा आत्या. बाबा बैलगाडी घेऊन धाड गावच्या बाजाराला निघायचे तेव्हा मांजर आडवं जाऊ नये आणि विधवा समोर येऊ नये, एवढंच काय ते त्यामागचं शहाणपण. गाडी दिसेनाशी झाली की आई मागच्या खोलीची कडी काढायची. महाराष्ट्र राज्य नवं झालं होतं, आमच्या घरातले कायदे मात्र जुनेच. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. त्याच मांजरींमुळे आमचं धान्य उंदरांपासून वाचायचं आणि आत्याच्या हातची भाकर सगळ्यांना गोड लागायची. जेवताना कोणाला अपशकुन आठवत नसे.

त्या फाल्गुनात, बैलगाड्या जायच्या त्या गाडवाटेपलीकडचं पडीक रान फुललं होतं. काटेरी पिवळा धोत्रा आणि त्याखाली कंबरमोडीची बारकी फुलं. मांजरी रोज तिथं लोळायच्या, फुलपाखरांवर झेपा घ्यायच्या, नाकाला पिवळी धूळ लावून परत यायच्या. त्यांना बघून आत्या पोटभर हसायची. घरात ती तशी कधी हसली नाही.

एका बाजाराच्या दिवशी ती खोलीत गेलीच नाही. दोन्ही मांजरी काखेत मारून उजाडताच रानात जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले. आईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून भाकर उलटली.

हरभऱ्याची पोती भरलेली गाडी आली. नेमकी तेव्हाच पांढरी मांजर फुलपाखरामागे बैलांपुढून आडवी पळाली. बाबांनी कासरा ओढला. आता दुसऱ्या कोणीतरी आधी पुढे जायला हवं होतं, म्हणजे अपशकुन त्याच्या माथी गेला असता आणि गाडीची वाट मोकळी झाली असती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी उठले, तर बाबा खेकसले, तू बस खाली. लेकीच्या माथी ते कसं येऊ देणार! मग त्यांनी आत्याला सांगितलं, तू जाय पुढं.

आत्या जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही.

"मी अपशकुनी म्हणून तू मले कोंडून ठेवतं, अन् मांजरीचा अपशकुन बी माह्याच डोक्यावर टाकतं? मी नाही जात. जायचं तं तू जाय."

याच बाबांना तिनं लहानपणी कडेवर वागवलं होतं. बाबांचं तोंड पडलं. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. कोणी आलं नाही. शेवटी खाली उतरले, बैलांच्या पुढे होऊन स्वतः चालत गेले आणि कासरा धरून गाडी पुढे नेली. मला इतका आनंद झाला की टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

हरभरा नेहमीसारखाच विकला गेला. पुढच्या बाजारी आत्या मांजरींना घेऊन पुन्हा त्या फुलांत जाऊन बसली, या वेळी अगदी वाटेच्या कडेला, गाडी येणार त्या बाजूला तोंड करून.