अंतरपाट दूर झाला आणि कॅमेरा अडकला

मंडळी, आज दुपारी निफाडला एका जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यापासून मी लग्नांचे फोटो काढतो.

दिवाळीत माझे दोन्ही साधे कॅमेरे विकून, वर भर घालून मी कंपनीचा सगळ्यात वरचा कॅमेरा घेतला. हा ऐनवेळी दगा देत नाही, असं सगळे सांगत होते. पुढे मीही चार जणांना तेच सांगितलं.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, नवरीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि माझं शटर अडकलं. बंद-चालू केलं, बॅटरी काढून घातली. काही उपयोग नाही. दुसरा कॅमेरा नव्हताच.

मोबाइल काढून गुरुजींना विचारलं, "पुन्हा एकदा अंतरपाट धराल का?"

"धरतो की. पण पोरीने नवरा बघून घेतलाय आता."

मांडव हसला. मित्र म्हणाला, "जाऊ दे रे, होतं असं." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या साध्या कॅमेऱ्यांपैकी एक बिघडला, तर दुसरा गळ्यात असायचा. तो भरवसा मीच विकला.

पुन्हा अंतरपाट धरून मोबाइलवर काढलेला फोटो स्वच्छ आलाय. फक्त त्यात नवरी नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघतेय.

फोटोग्राफर मित्रांनो, खरं सांगा, तुम्ही एकाच भारी कॅमेऱ्यावर लग्नाला जाता का?