खांद्यावरची सुई

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या खांद्यावर कायम एक सुई टोचलेली असायची, दोऱ्यासकट. लग्नाला गेली तरी असायची. फोटोच्या वेळी मी ती उपसून माझ्या पर्समध्ये टाकायची आणि आठवड्याने किल्ली शोधताना नेमकी माझ्या बोटात घुसायची. बहिणीला आम्ही बारकी म्हणतो. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, गुडघे धरतात, तरी बारकीच.

रफू ती सासऱ्यांकडून शिकली. त्यांचा एका बोळात लहानसा गाळा होता. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढायचा आणि भोकावर एकेक उभा-आडवा धागा असा विणत जायचं, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. एवढंच ते काम, पण त्याला डोळे लागतात आणि बूड टेकून बसावं लागतं. तिच्या नवऱ्याला ते जमलं नाही. तो गेला तेव्हा लेक लहान होती. त्यानंतर तीस वर्षं गाळा बारकीनेच चालवला. शिकवलं मात्र कोणालाही नाही. मुली यायच्या, ही त्यांना काजं-बटणं द्यायची आणि रफू हातात घेतला की पाठ फिरवून बसायची. मी म्हणायची, मरताना बरोबर नेणार आहेस का? ती म्हणायची, ताई, तू तुझं बघ.

मग लेक परदेशी गेली, तिथे लग्न केलं, तिथेच मोडलं. पदरात चार वर्षांची मुलगी आणि दवाखान्यातली पाळ्यांची नोकरी. आईला कायमचं ठेवून घ्यायची तिथे सोय नाही. शेवटी तिनेच शोधून काढलं, की बाहेरच्या माणसाने ठरलेली रक्कम घालून धंदा काढला आणि तिथल्या दोघांना नोकरी दिली, तर गुंतवणूकदार म्हणून राहता येतं. बारकीने गाळा विकला, राहतं घर विकलं. म्हणजे परत यायला जमिनीचा तुकडा ठेवला नाही. ते मला पटलं नव्हतं, पण मी गप्प बसले. माझ्या हातून अशी चूक क्वचित होते. घरातले सगळे तिला शेठाणीबाई म्हणायला लागले. ती हसायची. विमानतळावर मी तिचा हात धरला तर बर्फासारखा गार होता.

मी बरोबर गेले, कारण कागदपत्रं इंग्रजीत होती आणि माझी तीस वर्षं विमा कंपनीच्या इंग्रजीशी भांडण्यात गेलेली. सहा महिने पाहुणी म्हणून राहायची मला मुभा होती. तिथल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत अट समजावली. मालकाने पैसा घालावा, माणसं नेमावीत, देखरेख करावी. कारागिराचं काम स्वतः करायचं नाही. केलं तर तिथल्या माणसाच्या पोटावर पाय आणला असं धरतात. परवाना रद्द, तीस दिवसांत देश सोडायचा. पहिल्या सहा महिन्यांत कधीतरी तपासणी होते, न कळवता.

मी मराठीत सांगितलं. बारकीने विचारलं, मग मी नुसतं बसायचं? म्हटलं, हो. आणि रफू? म्हटलं, शिवणारी ठेवायची, ती करेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

दुकान छान मिळालं. एका बाजूला चपला दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला औषधवाला. काचेचं दार, दाराला घंटी. आत धुलाईची दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, काउंटर आणि मागे एका खिडकीची खोली. इस्त्रीवाला उंच, अबोल माणूस, नाकातल्या नाकात गुणगुणायचा. शिवणारी चाळिशीची, अंगाने भरलेली. पँटची खालची दुमड घालण्यात आणि चेन बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची तिला. पण धंद्याच्या आराखड्यात आम्ही मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की या दुकानात न दिसणारा रफू होईल. पहिला कोट आला, तेव्हा शिवणारीने भोकामागे चिकटकापडाचा तुकडा ठेवला आणि वरून इस्त्री फिरवली. बारकीचं तोंड पडलं. कोट उचलून ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचे चार महिने असेच गेले. आत ती रफू करायची आणि मी काउंटरपाशी पहारा द्यायची. घंटी वाजली की आत उशीखाली कोट सरकवल्याचा आवाज यायचा. समोर गाडी थांबली की मी खोलीच्या दारावर टकटक करायची. कोणी बाई हातात फाइल घेऊन फुटपाथवरून चालत गेली तरी करायची. एकदा वीजमीटर बघायला माणूस आला, त्याने खिशातून वही काढली, आणि माझ्या हातातली पावत्यांची चवड खाली पडली. बारकीला जेवण जाईना. लेकीला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, हवा मानवत नाही. नात रोज झोपताना आजीचं बोट मुठीत घट्ट धरायची, आणि बारकी ते सोडवून न घेता तशीच अवघडून पडून राहायची. ते पाहिलं की मला आणखी भीती वाटायची.

मी सांगून पाहिलं, की निदान त्या बाईला शिकव. शिवणारीलाही सगळं कळलं होतं. दोन-तीनदा ती आपणहून खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बारकीने खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ केली.

तपासणीस बाई आली ती सकाळी अकराला. ठेंगणी, करड्या केसांची, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या अधिकाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते. तिने हजेरी पाहिली, पगाराचे कागद पाहिले, इस्त्रीवाल्याशी दोन शब्द बोलली. बारकी बाहेर येऊन मालकाच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. सगळं नीट चाललं होतं. मग बाईची नजर बारकीच्या खांद्यावर थांबली. मीही पाहिलं. सुई. तिच्यात बोटभर राखाडी धागा, आणि तो हलत होता, कारण बारकी थरथरत होती.

बाईने इंग्रजीत मला विचारलं, की तुमची बहीण स्वतः हे काम करते का, तिला विचारा.

मी विचारलं. बारकी म्हणाली, “मीच करते. त्या शिवणारीला येत नाही. सांग यांना, ताई. खोटं बोलून मला इथे राहायचं नाही.”

आयुष्यभर मी लोकांना तोंडावर खरं सुनावत आले. त्यापायी दोन बढत्या घालवल्या, एक नणंद घालवली. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, की ती या शिवणाऱ्या बाईंना शिकवते आहे.

बाईने कागद चाळले. पहिल्या वर्षी मालकाला कामगार शिकवायची मुभा आहे, असं म्हणाली. वकीलबाईंनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. किती दिवस शिकवते आहे? मी म्हटलं, चार महिने.

“छान,” ती शिवणारीकडे बघत म्हणाली. “मी तीन आठवड्यांनी येते. यांनी माझ्यासमोर करून दाखवावं.”

ती गेल्यावर मी बारकीला खरं काय झालं ते सांगितलं. ती जमिनीवरच बसली. म्हणाली, “मला आठ वर्षं लागली. मामंजी गेले त्या साली मला पहिल्यांदा नीट जमलं. आणि तू तीन आठवडे देऊन मोकळी झालीस.” त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पण तिसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीचं दार उघडं ठेवलं, खुर्ची शिवणारीसमोर ओढली आणि बसली. पहिला दिवस तिची मान आपोआप भिंतीकडे वळत होती. मग वळायची थांबली. भाषा नव्हती, म्हणून तीन मराठी शब्दांवर काम चाललं. धर. ओढ. उसव. त्यातला उसव शिवणारीच्या तोंडात आधी बसला, कारण दिवसातून शंभर वेळा तोच कानावर पडायचा. चुकली की बारकी तिच्या बोटांवर चापट मारायची. चौथ्या-पाचव्या चापटीला तिने उलट मारली. बारकीने डोळे मोठे केले आणि मग दोघी हसल्या. चार महिन्यांत त्या दुकानात कोणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. शिवणारीही घाबरलेली होती. दुकान गेलं तर तिचीही नोकरी जाणार होती. दुपारचं खायची विसरून ती उजेडात धागे मोजत बसायची.

ठरल्या दिवशी बारकीच्या दोन्ही खांद्यांवरून मी हात फिरवून पाहिला, कॉलरीतही पाहिलं. सुई नव्हती. तिला बजावलं, हात मांड्यांखाली ठेव आणि काही झालं तरी तोंड उघडू नकोस.

बाई स्वतःचं लोकरी जॅकेट घेऊन आली होती. कोपरावर वाटाण्याएवढं भोक. शिवणारीने आतल्या शिवणीतून धागे काढले, सुई ओवली आणि सुरुवात केली. पाऊण तास झाला, तास झाला. इस्त्रीवाल्याने गुणगुणणं बंद केलं होतं. शिवणारीच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबायचा, ती तो बाहीने टिपायची आणि पुन्हा वाकायची. मी बारकीकडे बघायचं टाळत होते. माझ्या डोक्यात फक्त तीस दिवस आणि नातीची मूठ होती.

झाल्यावर बाई जॅकेट घेऊन खिडकीशी गेली. उलटसुलट केलं. अंगठ्याचं नख फिरवलं. मग विचारलं, भोक कुठे होतं?

बारकीला ते कुठे होतं ते बसल्या जागेवरून दिसत होतं. तिची भुवई उडाली. तिसऱ्या ओळीत एक धागा एकाऐवजी दोन धाग्यांवरून गेला होता, असं तिने मला नंतर सांगितलं. तिचे ओठ हलायला लागले. मी तिच्या पायावर पाय ठेवला आणि सगळा भार दिला. तिने ओठ मिटले. सदोष काम तिच्या डोळ्यांसमोरून पुढे गेलं असेल, तर ते एकदाच.

बाईने सही केली, शिक्का मारला. दोन वर्षांचा परवाना. मग पुन्हा तपासणी. जॅकेट काउंटरवर ठेवून म्हणाली, इस्त्री करून ठेवा, संध्याकाळी नेते. घंटी वाजली, दार लागलं. मी धुलाईच्या मशीनवरच बसले. गार होतं, बरं वाटलं.

बारकी उठली. जॅकेटकडे हात नेला आणि तापल्या इस्त्रीला लागावा तसा मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून ती शिवणारीसमोर उभी राहिली आणि नुसत्या हनुवटीने कोपराकडची ती जागा दाखवली.

“उसव,” ती म्हणाली.

शिवणारी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मला ती भाषा येत नाही, हे त्या क्षणी बरंच होतं. मग तिने जॅकेट उजेडात धरलं, तो धागा शोधला, आणि आपल्या डाव्या खांद्यावरची सुई काढली.