वणव्याची पंगत

आमच्या वाडीत ठमाकाकीच्या पंगतीला बसायचं तर आधी हात दाखवावा लागतो. ती आपला तळहात हातात घेते, नाकाशी नेते आणि हुंगते. धुराचा वास आला म्हणजे निम्मं काम झालं. सोबत ओल्या पानांचा वासही यावा लागतो. धूर काय, कुठल्याही चुलीपाशी बसून अंगाला लागतो; पण पानांचा वास ऐनाच्या हिरव्या डहाळीने वणवा झोडपल्याशिवाय हाताला चिकटत नाही. एकदा एकाचा शहाणा मेहुणा तोंडाला काजळी फासून आमच्यात येऊन बसला होता. काकीने त्याचा हात हुंगला आणि म्हणाली, "ह्याला तंबाखूबिगर कसलाच वास न्हाय. ऊठ."

तळा गावच्या बाजारातून वर चढलं की डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. निम्म्या घरांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. होळीच्या सुमाराला गवत वाळतं आणि डोंगर पेटतो. कोण पेटवतं ते देवाला आणि बिडी ओढणाऱ्याला ठाऊक. बंब यायचा तर रस्ता हवा, आणि आमचा रस्ता शाळेपाशीच संपतो. त्यामुळे वाडीचा बंब म्हणजे आम्हीच, हातात डहाळ्या घेतलेले पंधरा-वीस जण. आमचा म्होरक्या सदा. तो मुंबईत अग्निशमन दलात होता, निवृत्त होऊन गावी आला आणि आल्या आल्या त्याने 'वणवा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. डोंगर शांत असतो तेव्हा त्यावर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ येतात.

काकीने आम्हाला जेवू घालायला सुरुवात केली त्याला कारण आम्हीच. तिच्या नवऱ्याने, बाळाजीकाकाने, मरायच्या आधी चढावर काजूची बाग लावली होती. एका वर्षी वणवा त्या बागेच्या अंगाला आला. आम्ही तो झोडपून जवळजवळ विझवला, ऊन डोक्यावर आलं, आणि आधी पोटोबा म्हणत सगळे आपापल्या घरी जेवायला गेलो. जेवून, वर एक पान खाऊन परत येतो तोवर वारा उठला होता आणि बाग गेली होती. काकी आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वणव्याला तिने अंगणात तीन दगड मांडून टोप चढवला आणि निरोप पाठवला, "कुणी घरी जेवायला जायचं न्हाय. माझ्या अंगणातनं डोंगर दिसतो. हितं बसा, डोळा तिकडं ठेवा नि जेवा." जळक्या बागेत तिने पुन्हा काजूची रोपं लावली, आणि दर वणव्याला टोप चढवू लागली.

त्या टोपाबद्दल काय सांगावं! सोललेल्या वालांचं बिरडं, बोटाएवढ्या जाड तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, आणि भात असा की चार तास डोंगरावर नाचून आलेला माणूसही शेवटी पाठीला भिंत शोधतो. आग मोठी असेल तर कोंबडी कापायची. हे एकदा कळल्यावर आमच्या आगी मोठ्या व्हायला लागल्या. बांधावरचं हातभर गवत जळालं असलं, तरी सांगताना ज्वाळा झाडाच्या शेंड्याला लागायच्या. काकी सगळं ऐकून घ्यायची आणि बिरडंच वाढायची.

सगळ्यांत जास्त जेवायचा रंगू, काकीचा पुतण्या. त्याला वाढताना काकी त्याच्या ताटाकडे बघत नाही, भाकऱ्यांच्या परातीकडे बघते. माणूस मऊ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. डोंगरावर मात्र सगळ्यांच्या पुढे, कारण तो उभा राहिला की त्याच्यामागे आडोसा मिळतो.

गेल्या फाल्गुनात वणवे लागोपाठ लागले. एक विझतोय तोवर दुसरा. शेजारची नीराबाई, जी उचलली जीभ लावली टाळ्याला या जातीतली, विहिरीवर सगळ्यांदेखत काकीला म्हणाली, "ठमे, डोंगर काय आपला आपण पेटतो व्हय? तुझ्या बिरड्यापायी पेटवतायत मेले."

नीराबाई हंडा उचलून घरी गेली आणि विसरली. काकीला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण डोंगर वाचवायला चूल मांडली आणि डोंगर त्या चुलीपायीच जळत असेल तर? नव्या काजूला त्याच वर्षी पहिला मोहोर आला होता. तिला झोप लागेना. विचार करता करता तिला आठवलं की मागच्या वणव्याच्या दिवशी सकाळीच रंगूने विचारलं होतं, "काकी, आज काय करनार?" खाई त्याला खवखवे, असं तिच्या मनाने घेतलं. खरं तर रंगू हा प्रश्न रोज विचारतो, सणाला आणि सुतकातही विचारतो. पण संशयाला एवढा हिशेब कुठला.

तिने सदाला बोलावून सांगितलं, "आजपास्नं वणव्याला जेवन बंद."

सदाचा चेहरा असा पडला की जणू त्याचं निवृत्तिवेतनच थांबवलं. "मग पोरं येतील का काकी?"

"आग लागायच्या आधी या. डोंगरावर जाळरेषा काढा. ज्या दिशी काढाल त्या दिशी जेवन. कोंबडीसकट."

जाळरेषा म्हणजे गवत कापून, पाचोळा झाडून केलेला उघडा पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. सदा हे आम्हाला दोन वर्षं सांगत होता आणि आम्ही माना डोलावत होतो. कोंबडीचं नाव निघाल्यावर पुढच्याच रविवारी पहाटे कोयते घेऊन सगळे हजर.

रंगूला मात्र काकीने डोंगरावर जाऊ दिलं नाही. "तू हितं बस, नारळ खोव." नजरेसमोर असावा म्हणून. रंगूला कारण कळलं. जाडा असला तरी तो ठोंब्या नाही. खोवणीवर बसला आणि दुपारपर्यंत खोवत राहिला. काकी भाकरी थापताना त्याच्याकडे बघायची, रस्सा ढवळताना बघायची.

आम्ही काजूच्या बागेखालून लांबलचक पट्टा उघडा करून आलो आणि जेवलो. कसे जेवलो ते लिहायला लाज वाटते. मग फणसाखाली आडवे झालो. सदाने कमरेचा पट्टा सैल केला. रंगू सगळ्यांत आधी घोरायला लागला.

काकीने चुलीतली राख घमेल्यात भरली आणि परसाच्या कडेला टाकली. एरवी ती आधी राखेवर पाणी मारते. त्या दिवशी तिचा एक डोळा झोपलेल्या रंगूवर होता आणि राख वरून पांढरी दिसत होती. खाली सागाचा पाचोळा. दुपारचा वारा सुटला.

"उठा रं! पेटलं!" ही हाक काकीचीच होती.

त्या दिवशी आम्ही विझवलेली आग कुणी बघितली असती तर हसून मेला असता. कोंबडी-भाताने तट्ट फुगलेली पंधरा-वीस माणसं चढावर वाकायला बघत होती आणि कुणालाच वाकता येत नव्हतं. सगळ्यांत पुढे रंगू, आणि त्याच्याही पुढे पदर खोचलेली, डहाळी घेतलेली काकी. आग गवतातून सरसरत बागेकडे निघाली होती. आमच्यानं ती थांबली असं मी म्हणणार नाही. ती सकाळच्या जाळरेषेपाशी आली, तिचा जोर मोडला, आणि तिथे आम्ही तिला झोडपून काढलं. काजूचं एक पान जळालं नाही.

खाली आलो तेव्हा काळा पट्टा कुठून निघाला ते सगळ्यांना दिसत होतं. काकीच्या परसातून. नीराबाई कुंपणापाशी आली, तिने तोंड उघडलं, सदाने तिच्याकडे बघितलं आणि तिने ते मिटलं. काकी राखेपाशी जमिनीवर बसली होती. तिला रडू येत होतं, ते ती लपवतही नव्हती.

रंगू उठून तिच्या स्वयंपाकघरात गेला. डबे वाजले, काहीतरी पडलं, कढईचा चर्र आवाज आला. आयुष्यात भांडं फक्त रिकामं केलेला माणूस भरायला गेला होता. बऱ्याच वेळाने तो खिचडीचा टोप घेऊन बाहेर आला. खाली करपलेली, वर कच्ची. आम्ही रांगेत बसलो.

"काकी, चल."

"मी न्हाय. वणव्याला जेवन बंद हाय. मीच सांगितलंय."

रंगू तिच्यासमोर उकिडवा बसला, त्याला जमेल तसा. "हात बघू."

त्याने तिचा तळहात घेतला, नाकाशी नेला आणि तिच्यासारखाच सावकाश हुंगला.

"धूर हाय," तो म्हणाला. "पानांचा वासबी हाय. बस पंगतीला."

"रंगा, मी तुझ्यावर आळ घेतला रं."

"ठाऊक हाय मला. सकाळपास्नं सात नारळ खोवलेत. आता तरी ऊठ, खिचडी निवतेय."

ती उठली. रंगूने तिला रांगेच्या तोंडाशी बसवलं आणि पहिलं ताट तिला वाढलं. तिने घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने बराच वेळ चावला, कारण तांदूळ शिजलेलेच नव्हते.

"मीठ इसरलास," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. "घाल अजून."

पहिला टोप चढवला त्या दिवसापासून तिला आमच्याआधी जेवताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं.