तुरटी फिरवलेलं पाणी

पाण्यातले जीव तीन प्रकारचे, हे मी कॉलेजात वीसेक वर्षं घोकवलं. पाणी नेईल तिकडं वाहत जाणारे प्लवक, स्वतःच्या बळावर पोहणारे तरणक आणि तळ धरून राहणारे नितलस्थ. सांगून सांगून जीव विटला होता. त्यात दुष्काळ. शहर चहूकडं वाढत होतं, नळाला आठवड्यानं पाणी यायचं, आणि प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ज्या तळ्यातून नमुना आणायचो तिथं पोरं क्रिकेट खेळत होती.

देवगाव रंगारीची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्या बंधाऱ्यात डबकं हाय अजून. मी आणते." रविवारी एसटीनं कॅन घेऊन ती शहरातल्या छावणी भागात माझ्या घरी आली. नापास झाली तर वडील शिक्षण बंद करणार होते, तेही जाता जाता सांगून गेली. पाणी मी बादलीत ओतून ठेवलं.

सोमवारी पहाटेच टँकर आला. धावपळीत सगळं भरलं, सवयीनं प्रत्येक बादलीत तुरटी फिरवली. कॉलेजला निघताना तिच्या बादलीतलं वरचं नितळ पाणी कॅनमध्ये घेतलं, तळाचा गाळ झाडाला घातला. आमच्याकडं सगळे असंच करतात.

परीक्षेत थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्लवकांची आकृती काढायची होती. बाकीच्यांनी पुस्तकातले प्लवक हुबेहूब उतरवले. तिनं नुसतं वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, 'काहीही दिसले नाही.'

"डोळे घरी ठेवून आलीस का?" मी खेकसलो. मी शून्य दिलं, आणि तेवढ्यानंच ती नापास झाली. संध्याकाळी गुणांचं पाकीट विद्यापीठात गेलं.

पुढच्या टँकरला तुरटी फिरवताना माझा हात थबकला. सगळे प्लवक गाळाबरोबर तळाला बसले होते आणि मी ते झाडाला घातले होते. स्वतःची भयंकर लाज वाटली. चूक कबूल करणारा अर्ज लिहिला, पण पाकीट उघडेल याची खात्री कुणीच देईना. शेवटी तिला बोलावून सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं सर. मी आणलं तवा पाणी लई गढूळ होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लई चिडला होतात." मग तिनं विचारलं, "पुस्तकातलं काढलं असतं तर पास झाले असते, व्हय ना?"

मला हो म्हणावं लागलं.