जिजावहिनींच्या गाठीचा तुकडा

दवाखान्याच्या ओट्यावर वीस वर्षं बातम्या शोधल्या. हाती लागले ते किस्से. छापायला नेले की संपादक म्हणत, "यात बातमी काय?" मग ते माझ्याजवळच साचत गेले. एकट्या जिजावहिनींच्या तपासणीचेच बघा.

कोरीट गावचा बापू पाटील माझा शाळासोबती. त्याची ही बायको. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिच्या छातीत गाठ सापडली. कॅन्सर आहे की नाही हे कळायला गाठीचा तुकडा काढून मुंबईला पाठवायचा होता. नंदुरबारात सिनेमाचं यंत्र येतं, गाठ तपासायचं येत नाही!

ओट्यावरच्या मंडळींना मात्र यंत्राची गरज नव्हती. एक जण म्हणाला, "चाकू लागला की गाठ चवताळते."

"कोणाची चवताळली?" मी वही काढली.

"सगळेच सांगतात."

"त्यातल्या एकाचं नाव द्या, उद्या छापतो."

ओटा रिकामा झाला.

•

पडद्याआड नर्सबाई वहिनींना तपासत होत्या. पडद्याबाहेर डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि उत्तरं बापू देत होता.

"दुखतं का?"

"नाही."

"गाठ केव्हापासून?"

"पोळ्यापासून."

पडद्याआडून आवाज आला, "होळीपासून शे."

बापू चपापला. "माले काबर सांगं नही?"

"तुम्हीन कवय इचारं?"

•

तुकडा क्लोरोफॉर्म देऊन काढायचा होता. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, "पोट रिकामं हवं. बेशुद्धीत उलटी झाली आणि श्वासात गेली, तर बाई टेबलावरच जाईल."

ठरल्या दिवशी वहिनी आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं?"

"नही. सासूबाईनी फक्त हातवर दही दिन्हं."

शुभकामाला निघताना दही द्यायचंच! तपासणी पुढे ढकलली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"दही नही. गूळ दिन्हा."

मी बापूवर तडकलो, तर तो म्हणतो, "आईला कोण सांगणार?" तालुक्याच्या कचेरीत मामलेदाराशी भांडणारा माणूस!

•

शेवटी वहिनींना आदल्या दिवशी माझ्या शेजारी, हस्तीमलशेठांकडे ठेवलं. शेठाणी जैन, त्यांच्या घरी दिवस मावळला की पाण्याचा थेंबही नाही. सकाळी त्या स्वतः वहिनींना दवाखान्यात घेऊन आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पोटाची हमी माझी."

तुकडा निघाला, औषधी पाण्याच्या बाटलीत गेला. हस्तीमलशेठ त्याच दिवशी सुरतेवरून मुंबईला निघाले होते. मी बाटली पुढे केली, तर ते दोन पावलं मागे सरले. "मांस? माझ्या ट्रंकेत?"

शेठाणी म्हणाल्या, "बाटलीत मांस नाही, पाटलीणबाई आहेत."

शेठांनी बाटली ट्रंकेत ठेवली नाहीच. मुंबईपर्यंत मांडीवर धरून नेली.

•

तीन आठवडे बापू रोज टपालाच्या वेळेला दवाखान्यात. कंपाउंडर वैतागला. "पाटील, रिपोर्ट तुम्हाला बघून लवकर येत नाही."

एकदाचा आला. बापूनं डॉक्टरांना बाजूला घेतलं. "काय असेल ते मला सांगा. तिला म्हणा, साधी गाठ आहे."

माझं डोकं फिरलं. "अरे, ऑपरेशन कोणाचं होणार? तुझं?"

तेवढ्यात वहिनी दारात उभ्या राहिल्या. "गाठ मन्ही शे. कागद मन्हा समोर वाचा."

डॉक्टरांनी वाचला. कॅन्सर होता. पण काखेत अजून गाठ लागत नव्हती, म्हणजे तो पसरलेला दिसत नव्हता. लगेच मुंबई गाठली तर ऑपरेशनचा उपयोग होता.

बापू मटकन बाकावर बसला. ओठ पांढरे, कपाळावर घाम.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि त्या दाराकडे वळल्या.

"मी बाहेर बसस, डाक्टर. पहिले यासले तपासा."